परमुलखातील पैसा आणि घरचे दप्तर

गोदावरीच्या उत्तर तीरावरचे कायगाव आणि दक्षिण तीरावरचे टोके यांच्यामध्ये आज केवळ एका पुलाचे अंतर आहे. परंतु १९४८ पर्यंत येथे दोन राज्यसत्तांची सरहद्द होती, अलीकडे निजामाचा अंमल आणि हाली सिक्का, पलीकडे इंग्रजांचा, आणि अखेरच्या वर्षी स्वतंत्र भारताचा, अंमल आणि कलदार रुपया. नगर-पुण्याच्या पेठेत माल विकून परतणाऱ्या औरंगाबादच्या व्यापाऱ्याच्या हाती विक्रीची रक्कम जशीच्या तशी कधीच पडत नसे. सहा कलदारांना सात हाली हे प्रमाण रूढ असले, तरी सराफाची वटणावळ आणि पेढीची हुंडणावळ वजा जाता जे उरे, तेच त्याचे. संस्थान विलीन झाले, पुढे हाली सिक्काही चलनातून कायमचा गेला, आणि ज्या मुलखात नदी ओलांडताना पैसा बदलावा लागे, त्याच मुलखातील कारखानदार आज जर्मनी, इटली, अमेरिका, आफ्रिका येथे माल धाडून तिकडचा पैसा आपल्या खात्यावर मागवू लागले आहेत.

१९८५ साली वाळूजला बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला, आणि त्याच्या आधाराने वाळूज, चिकलठाणा व पुढे शेंद्रा या वसाहतींत सुटे भाग बनविणाऱ्या लहानमोठ्या उद्योगांची दाट वस्ती उभी राहिली. त्यांतील एंड्युरन्स टेक्नॉलॉजीजसारख्या कंपन्यांचा व्याप आता युरोपपर्यंत पोचला आहे. त्यांच्यापाशी परकीय चलनाचा व्यवहार पाहणारी स्वतंत्र खाती आहेत, तज्ज्ञ आहेत, यंत्रणा आहे, आणि त्यांना या लेखाची गरज नाही. हा लेख आहे तो दहावीस कामगारांच्या बळावर वर्षाकाठी चारदोन खेपा परदेशी पाठविणाऱ्या वर्कशॉपच्या मालकासाठी, हिमरूच्या शाली आणि पैठण्या परदेशच्या गिऱ्हाइकाला विकणाऱ्या दुकानदारासाठी, आणि सिडकोतल्या एखाद्या सदनिकेत बसून दूरदेशीच्या कंपनीचे संगणकीय काम करून देणाऱ्या तरुणासाठी. जगभरच्या बँकांनी परदेशी भरण्याच्या संदेशांचा एकच साचा आता स्वीकारला आहे, आणि त्या साच्यात आपले नाव-गाव नीट बसते की नाही, हे पाहण्याची जबाबदारी शेवटी याच माणसांवर येऊन पडणार आहे.

हा पैसा येतो कसा, हे प्रथम समजून घेतले पाहिजे. स्टुटगार्टच्या खरेदीदाराने आपल्या बँकेला आज्ञा दिली की युरोच्या नोटा विमानात बसून चिकलठाण्याला उतरत नाहीत. आपल्या बँकेचे एक खाते युरोपातील एखाद्या बँकेत असते. रक्कम तेथे जमा होते, आणि ‘अमुक खातेदारासाठी, अमुक कारणासाठी, इतकी रक्कम आली आहे’ असा मजकूर असलेला संदेश तेवढा इकडे येतो. तो वाचून आपली बँक त्या दिवसाच्या भावाने रुपये करून आपल्या खात्यात टाकते. हा संदेश वाहून नेणारी मुख्य संस्था म्हणजे स्विफ्ट. ती बेल्जियममध्ये १९७३ साली स्थापन झाली आणि १९७७ पासून तिचे काम सुरू झाले. स्विफ्ट पैसा बाळगीत नाही, पैसा हलवीतही नाही. तिच्या हाती असतो तो केवळ मजकूर. म्हणूनच या साऱ्या व्यवहारात मजकुराची शुद्धता हाच कळीचा मुद्दा ठरतो.

जुन्या पद्धतीच्या संदेशात पैसे घेणाऱ्याच्या नाव-पत्त्यासाठी पस्तीस अक्षरांच्या चार ओळी मिळून जागा असे. तेवढ्या जागेत कोणी नाव दोन ओळींत लिहावे, कोणी पत्ता कोंबावा, कोणी शहर गाळावे. वाचणारा कारकून अनुभवी असला तर तो अर्थ लावून घेई. परंतु आता तो संदेश कारकून वाचीत नाही, यंत्र वाचते, आणि यंत्राला अर्थ लावता येत नाही. यावर उपाय म्हणून आयएसओ २००२२ या नावाचे आंतरराष्ट्रीय प्रमाण पुढे आले. त्यात प्रत्येक तपशिलाला आपापला स्वतंत्र रकाना आहे: रस्त्याला निराळा, इमारतीच्या क्रमांकाला निराळा, पिन कोडला निराळा, शहराला निराळा, देशाला निराळा. आपल्या रिझर्व्ह बँकेने देशांतर्गत आरटीजीएससाठी हे प्रमाण २०१३ सालीच अंगीकारले. स्विफ्टने मार्च २०२३ मध्ये परदेशी भरण्यांसाठी ते सुरू केले. काही काळ जुना आणि नवा असे दोन्ही साचे शेजारी शेजारी चालले, आणि २२ नोव्हेंबर २०२५ ला बँकाबँकांमधील भरणा-संदेशांपुरता जुन्या साच्याचा कारभार आटोपला. पुढची पायरी नोव्हेंबर २०२६ ची आहे. त्यानंतर सलग ओळींत लिहिलेला, रकान्यांत न विभागलेला पत्ता चालणार नाही. निदान शहर आणि देश तरी आपापल्या रकान्यात असलेच पाहिजेत.

युरोपीय लोकांना या वाटेचा अनुभव आधीच आला आहे. युरो चलनाच्या देशांनी आपापल्या निरनिराळ्या भरणा-पद्धती मोडून एकच सामाईक पद्धत आणावयाची असे ठरविले आणि त्यासाठी १ फेब्रुवारी २०१४ ही तारीख कायद्याने मुक्रर केली. परंतु ती जवळ आली तेव्हा असंख्य लहान व्यावसायिकांची तयारी अपुरी असल्याचे दिसून आले आणि आणखी सहा महिन्यांची सवलत द्यावी लागली. बँका तयार होत्या, कायदा तयार होता. अडले ते गिऱ्हाइकांच्या याद्या, जुने खातेक्रमांक आणि दुकानादुकानांतील हिशेबाच्या प्रणाली यांच्यापाशी. आपल्याकडेही अडणार ते तेथेच.

आता वाळूजच्या एखाद्या कारखान्याचा पत्ता डोळ्यांपुढे आणावा. बीजकावर तो बहुधा असा छापलेला असतो: गट नंबर इतका, अमुक कंपनीच्या मागे, एमआयडीसी वाळूज, तालुका गंगापूर, जिल्हा औरंगाबाद, महाराष्ट्र. टपालवाल्याला यात काहीच अडचण नाही; किंबहुना ‘अमुक कंपनीच्या मागे’ हाच भाग त्याला सर्वांत उपयोगाचा. परंतु शहराच्या रकान्यात यांतले काय जावे? वाळूज हे गाव आहे, गंगापूर हे तालुक्याचे ठिकाण आहे, आणि तिसरे नाव जिल्ह्याचे असून शहराचेही आहे. मालक एक लिहील, बँकेच्या दप्तरी दुसरे असेल, जर्मन खरेदीदाराच्या यादीत तिसरे. शिवाय औरंगाबाद नावाचा एक जिल्हा बिहारातही आहे, आणि पिन कोड न लिहिलेल्या पत्त्यावरून यंत्राने यांतला कोणता ओळखावा, हे सांगण्याची सोय नाही. निर्बंध घातलेल्या व्यक्ती आणि देश यांच्या याद्यांशी प्रत्येक संदेश पडताळून पाहण्याचे बंधन बँकांवर असते. जेथे पत्त्याचा कोणता शब्द शहराचा आणि कोणता रस्त्याचा हे उमगत नाही, तेथे यंत्र संशय घेते, संदेश बाजूला पडतो, आणि मग ‘पेमेंट होल्डवर आहे’ हे वाक्य मालकाला आठवडाभर ऐकावे लागते. त्या आठवड्यात त्याच्या कामगारांचा पगाराचा दिवस येऊन गेलेला असतो.

आपल्या शहरापुरती यात आणखी एक भर पडली आहे. २४ फेब्रुवारी २०२३ रोजी केंद्र सरकारच्या मान्यतेनंतर शहराचे नाव छत्रपती संभाजीनगर झाले, आणि त्याच वर्षी सप्टेंबरात जिल्हा, तालुका आणि महसुली विभाग यांची नावेही बदलली. सरकारी हुकूम एका दिवसात निघतो. दप्तरे एका दिवसात बदलत नाहीत. एकाच कारखान्याचे जीएसटीचे नोंदणीपत्र नव्या नावाने, बँकेतील नोंद जुन्या नावाने, आयात-निर्यातीचा संकेतांक जुन्या नावाने आणि बीजकाचा मथळा ‘छ. संभाजीनगर’ अशा संक्षेपाने, हे चित्र ठिकठिकाणी दिसते. रोमन लिपीत तर या नावाची वर्णरचना प्रत्येक जण आपापल्या परीने करतो. कोणी एक अक्षर गाळतो, कोणी नुसती आद्याक्षरे लिहितो, कोणी कंसात जुने नाव ठेवतो. या सर्वांवर माझे सांगणे एवढेच की जागा पुरत नाही ही सबब खरी नाही. नव्या साच्यात शहराच्या रकान्याला पस्तीस अक्षरांची मर्यादा आहे, आणि छत्रपती संभाजीनगर हे नाव रोमन लिपीत पूर्ण लिहिले तरी मधली मोकळी जागा धरून पंचवीसच अक्षरांचे होते. ते पूर्ण लिहावे, सर्वत्र एकाच वर्णरचनेने लिहावे, आणि गट नंबर, वाळूज, गंगापूर यांना त्यांच्या त्यांच्या रकान्यांत बसवावे.

पत्त्याइतकेच महत्त्व नावाला आहे. मालकीच्या पेढीत खाते पेढीच्या नावाने असते आणि पॅन मालकाच्या नावाने. बीजकावर ‘मेसर्स’ असते, खात्यावर नसते. ‘प्रायव्हेट लिमिटेड’ एके ठिकाणी पूर्ण, दुसरीकडे तोडून. ‘आणि’साठी इंग्रजीत जे वळणदार चिन्ह काढतात, ते जुन्या संदेशांच्या वर्णमालेत मान्यच नव्हते, त्यामुळे ‘अँड सन्स’ आणि ‘अँड कंपनी’ यांची नावे कितीतरी बँकांच्या दप्तरी निरनिराळ्या रूपांत पडून आहेत. आजवर हे खपून गेले. यापुढे खपणे कठीण, कारण नाव आणि खातेक्रमांक यांची रुजवात पैसे देण्यापूर्वीच करून घेण्याकडे साऱ्या जगाचा कल आहे. युरो चलनाच्या देशांतील बँकांना त्यांच्या सामाईक पद्धतीतील भरण्यांसाठी ९ ऑक्टोबर २०२५ पासून असा पडताळा करून तो पैसे देणाऱ्याला दाखविणे बंधनकारक झाले आहे, आणि आपल्याकडेही आरटीजीएस व एनईएफटी करताना समोरच्या खातेदाराचे नाव पाहण्याची सोय १ एप्रिल २०२५ पर्यंत द्यावी, असे रिझर्व्ह बँकेने बँकांना फर्मावले होते.

ही सावधगिरी आपल्या पूर्वजांना अपरिचित नव्हती. हुंडी लिहिताना मुनीम रक्कम आकड्यांत लिही, अक्षरांत लिही, तिची निम्मी रक्कम लिही आणि त्या निम्म्याची दुप्पट किती तेही लिही. एका ठिकाणी कोणी खाडाखोड केली तरी दुसऱ्या ठिकाणी ती उघडी पडावी, हा त्यामागचा हेतू. युरोपातील खातेक्रमांकाला आयबॅन म्हणतात, आणि त्यात देशाच्या दोन अक्षरांनंतर जे दोन आकडे येतात ते याच कामासाठी: संपूर्ण क्रमांकाला ठरावीक रीतीने सत्त्याण्णवने भागले असता बाकी एक उरली पाहिजे, न उरल्यास लिहिताना चूक झाली असे यंत्र तत्क्षणी ओळखते. भारताने आयबॅन स्वीकारलेला नाही. त्यामुळे परदेशी खरेदीदाराच्या अर्जात आयबॅनचा रकाना रिकामा ठेवून आपला खातेक्रमांक आणि बँकेचा स्विफ्ट कोड द्यावा लागतो, आणि येथे एक चूक वारंवार घडते: स्विफ्ट कोडच्या जागी आयएफएससी लिहिला जातो. दोन्ही अकरा अक्षरांचे असू शकतात, म्हणून घोटाळा होतो. परंतु आयएफएससी हा देशाच्या आतल्या व्यवहारांसाठी आहे आणि त्याचे पाचवे अक्षर नेहमी शून्य असते, एवढी खूण लक्षात ठेवली तरी पुरे. आपल्या शाखेला स्वतःचा स्विफ्ट कोड नसेल, तर बँकेच्या परकीय चलन पाहणाऱ्या शाखेचा कोड विचारून घ्यावा. मराठवाड्यात घरोघरी ज्या बँकेची पासबुके होती ती स्टेट बँक ऑफ हैदराबाद १ एप्रिल २०१७ ला स्टेट बँकेत विलीन झाली, आणि तिचे संकेतांकही त्यानंतर बदलले. जुन्या बीजकांच्या नमुन्यांत ते अजून छापलेले राहिले असतील, तर ते आजच काढून टाकावेत.

पैसा आल्यावरही काम संपत नाही. खरे तर लहान निर्यातदाराची दमछाक येथून पुढे होते. समजा, बीजक ८,४०० युरोंचे होते आणि खात्यावर ८,३६५ युरोंचेच रुपये आले. मधल्या बँकेने आपले शुल्क कापून घेतले. आपल्या भागातील व्यापारी याला ‘शॉर्ट पेमेंट’ म्हणतात आणि पस्तीस युरोंचे काय एवढे, म्हणून सोडून देतात. परंतु सीमाशुल्क खात्यात नोंदलेले शिपिंग बिल रिझर्व्ह बँकेच्या ईडीपीएमएस या प्रणालीत पूर्ण रकमेचे असते, आणि फरकाचा खुलासा झाला नाही तर ते बिल तेथे उघडेच राहते. अशी उघडी बिले साचली की बँक पुढच्या व्यवहाराला हात आखडता घेते. म्हणून शुल्क कोणी सोसावयाचे हे करारातच लिहून घ्यावे: सर्व शुल्क पाठविणाऱ्याचे, की दोघांनी आपापले, की घेणाऱ्याचे. हे तीन पर्याय भरणा-संदेशातच नोंदवावे लागतात. खरेदीदाराने न सांगता निवडलेला पर्याय आपल्या नफ्यातून जातो.

भरणा कोणत्या बीजकाचा, हे त्या संदेशातूनच कळले पाहिजे, आणि नव्या साच्याचा खरा लाभ मला यात दिसतो. एकाच रकमेत तीन बीजकांचा पैसा आला तर प्रत्येकाचा क्रमांक आणि रक्कम स्वतंत्र रकान्यांत मांडण्याची तरतूद त्यात आहे. ‘गेल्या महिन्याचे पैसे’ असा मोघम उल्लेख करणाऱ्या खरेदीदाराला प्रत्येक भरण्यात बीजकाचा क्रमांक घालण्याची विनंती लेखी करावी. बीजकांचे क्रमांकही सुटसुटीत असावेत. तिरप्या रेघा, मोकळ्या जागा आणि वर्षाचे चार आकडे गुंफून केलेला लांबलचक क्रमांक परदेशी लिपिकाच्या हातून हमखास चुकतो. प्रत्येक भरण्याला छत्तीस चिन्हांचा एक शोध-क्रमांकही मिळालेला असतो. पैसे अडले तर ‘पाठवले आहेत’ एवढ्या तोंडी उत्तरावर न थांबता खरेदीदाराकडून तो क्रमांक मागून घ्यावा आणि आपल्या बँकेला द्यावा. त्यावरून रक्कम कोणत्या बँकेपाशी थांबली आहे, याचा माग काढता येतो.

मुदतींचीही माहिती हवी. निर्यातीची रक्कम देशात आणण्याची मुदत अनेक वर्षे नऊ महिन्यांची होती; नोव्हेंबर २०२५ मध्ये ती पंधरा महिन्यांची करण्यात आली. दहा लाख रुपयांपर्यंतच्या बिलांची नोंद निर्यातदाराच्या घोषणेवरून बंद करण्याची सवलतही रिझर्व्ह बँकेने २०२५ साली दिली आहे, आणि तिचा लाभ घेण्यासाठी लहान माणसाने बँकेत स्वतः विचारणा केली पाहिजे. रक्कम मिळाल्याचा दाखला, म्हणजे ई-बीआरसी, आता बँकेने पाठविलेल्या विद्युत् नोंदीवरून निर्यातदाराने स्वतःच प्रमाणित करावयाचा असतो. या दाखल्यावरच सरकारी सवलती आणि कराचे परतावे अवलंबून राहतात, आणि त्याची साखळी पुन्हा नाव, संकेतांक आणि बिलाचा क्रमांक जुळण्यापाशीच येते. आयात-निर्यातीचा संकेतांक, ज्याला सारे आयईसी म्हणतात, तो दरवर्षी एप्रिल ते जून या काळात तपासून कायम करावा लागतो. बदल काही नसला तरी. हे न केल्यामुळे तो निष्क्रिय झाला, तर ऐन रवानगीच्या वेळी माल बंदरावर अडतो.

सेवा विकणाऱ्यांचा मार्ग थोडा निराळा आहे. त्यांच्याकडे शिपिंग बिल नसते, म्हणून पैशाचे कारण सांगणारा पर्पज कोड हाच त्यांचा मुख्य दस्तऐवज. तो चुकीचा पडला तर जीएसटीच्या परताव्याच्या वेळी हा पैसा निर्यातीचा होता हे सिद्ध करण्यात महिने जातात. ऑनलाइन विक्रीसाठी मध्यस्थ कंपन्यांमार्फत पैसा घेणाऱ्यांनी एवढे पाहावे की ती कंपनी रिझर्व्ह बँकेच्या नियमांप्रमाणे सरहद्दीपलीकडच्या भरण्यांसाठी अधिकृत आहे, आणि एका व्यवहाराची रक्कम २५ लाख रुपयांच्या आत आहे.

एका धोक्याविषयी मात्र स्पष्ट बोलले पाहिजे. पत्ते आणि कोड बदलण्याचा हा काळ भामट्यांना पर्वणीसारखा आहे. ‘आमचे बँक खाते बदलले आहे, यापुढे या खात्यावर पैसे पाठवावेत’ अशी आपल्याच नावाची, आपल्याच मथळ्याची ई-मेल परदेशच्या खरेदीदाराला जाते, तो विश्वासाने पैसे पाठवितो, आणि माल पाठविणारा व पैसे देणारा दोघेही नागवले जातात. तेव्हा आपला पत्ता दुरुस्त झाल्याचे कळविताना त्याच पत्रात बँक खाते बदललेले नाही हे ठळकपणे लिहावे, आणि खात्यासंबंधीची कोणतीही सूचना दूरध्वनीवर परिचित आवाजात खात्री केल्याशिवाय मानू नये, असा लेखी संकेत दोन्ही बाजूंनी ठरवून घ्यावा.

हे सारे काम खर्चाचे नाही, चिकाटीचे आहे. त्यासाठी महागडी संगणकप्रणाली विकत घेण्याचा आग्रह कोणी धरला तर आधी आपली कागदपत्रे एकमेकांशी जुळतात का ते पाहावे. न जुळणारी कागदपत्रे नव्या प्रणालीत घातल्याने जुळत नाहीत. मात्र एकट्या-दुकट्या मालकाने बँकेच्या चकरा माराव्यात, हेही मला योग्य वाटत नाही. या शहरात सीएमआयए आणि मसिआ या उद्योजकांच्या संस्था आहेत, त्यांच्याकडे अनुभवी माणसे आहेत, बँकांवर त्यांचे वजन आहे. त्यांनी वाळूज, चिकलठाणा, शेंद्रा आणि पैठण येथे बँकांच्या परकीय चलन विभागांतील अधिकाऱ्यांना बोलावून एकेक दिवसाची शिबिरे भरवावीत, शहराच्या नावाची रोमन वर्णरचना सर्व सभासदांसाठी एकच ठरवून द्यावी, आणि रकान्यांत विभागलेल्या पत्त्याचा छापील नमुना प्रत्येक कारखान्यात पोचवावा.

वाचकांपैकी ज्यांचा परदेशाशी व्यवहार आहे त्यांनी नोव्हेंबर २०२६ ची वाट न पाहता जीएसटी नोंदणीपत्र, आयईसी, पॅन, बँकेचे खातेउतारे आणि शेवटचे बीजक ही पाच कागदपत्रे एका टेबलावर शेजारी मांडावीत, नाव आणि पत्ता अक्षरशः ताडून पाहावा, जेथे फरक असेल तेथे दुरुस्तीचा अर्ज द्यावा, आणि त्या अर्जाची पोच तारीख-शिक्क्यासह आपल्या फायलीला लावून ठेवावी.